रेडिएटरमधली झेंडूची पाकळी

“कॅप मीच उघडतो. तुम्ही नका त्रास घेऊ.”

माझ्या गॅरेजमध्ये, माझ्याच हातातलं फडकं ओढून घेत दातारसाहेब मला हे सांगत होते. क्रेनवाला अजून गाडीची साखळी सोडवत होता. ऊन असं, की फरशीवर पापड टाकला तर भाजून निघेल. आणि हा सत्तरीचा माणूस उघड्या बॉनेटसमोर अनवाणी उभा. एकदा हा पाय उचल, एकदा तो.

“साहेब, चपला कुठे गेल्या?”

“गाडीत आहेत.”

“मग घाला की. पाय भाजतायत तुमचे.”

“ते राहू दे. हिला आधी आत न्या, उन्हात उभी आहे.”

म्हटलं, गडबडीत विसरले असतील. गाडी रस्त्यात बंद पडली की माणूस नाव विसरतो, चपलांचं काय! मी त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, आत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि परत आले. साहेब अजून कॅपवर हात ठेवूनच उभे. पहारा दिल्यासारखे.

आता मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई गॅरेजमध्ये काय करतेय. मी मंदा. नेहरू नगरात आमच्या घराच्या पुढच्या अंगणात माझं गॅरेज आहे. आमच्या ह्यांची बँकेतली बदली उज्जैनहून भोपाळला झाली, तेव्हा सामानाबरोबर एक स्कूटरही आली. ती रोज बंद पडायची आणि हे रोज तिला लाथा मारायचे. शेवटी एक दिवस मीच ती उघडली. ओरडून आणि आपटून कुठलीच गोष्ट सुरू होत नाही, एवढं मला संसारात कळलं होतं. मग गल्लीतल्या बायकांच्या स्कूटरी यायला लागल्या, मग त्यांच्या नवऱ्यांच्या, मग गाड्या. शिकवलं कुणीच नाही. उघडायचं, बघायचं, परत लावायचं. एखादा नट उरला की पुन्हा उघडायचं.

रईसभाई माझे मिस्त्री. पन्नाशी कधीच ओलांडलीय. ते मला आपा म्हणतात, मी त्यांना भाई. दिवसातून एकदा आमचं भांडण होतं, त्याशिवाय दोघांनाही जेवण जात नाही.

आणि दातारसाहेब म्हणजे माझं सगळ्यात शिस्तीचं गिऱ्हाईक. इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात बॉयलरवर इंजिनिअर होते. मूळ पुण्याचे, पण जन्म गेला भोपाळात. गाडीची सर्व्हिस कधी करायची हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही, तेच मला सांगतात. देवाधर्माच्या बाबतीत मात्र कोरडे ठणठणीत. आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीला येतात, पण हात मागे बांधून उभे राहतात. इन्स्पेक्शनला आल्यासारखे.

वहिनी अगदी उलट. त्यांना नर्मदा परिक्रमा करायची होती, तीही पायी. गुडघ्यांनी नकार दिला. हिवाळ्यात ऑपरेशन झालं आणि हिंडायला लागल्याबरोबर वहिनींनी हट्ट धरला, की चातुर्मास लागायच्या आत निदान गाडीने तरी करणारच. साहेब म्हणाले, “मी येतो. पण ड्रायव्हर म्हणून. संकल्प-बिंकल्प तुझा, पेट्रोल माझं.”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवून जायचं आणि ती मध्ये कुठेही ओलांडायची नाही. फक्त समुद्रापाशी तट बदलायचा, आणि अमरकंटकला उगमाला वळसा घालून परत यायचं. निघताना ओंकारेश्वरला एका छोट्या कुपीत नर्मदेचं पाणी घ्यायचं. वाटेत मोठा घाट आला की त्यातलं थोडं नदीत सोडायचं आणि तेवढंच नवं भरायचं. शेवटी ते पाणी ओंकारेश्वराला वाहायचं. आणि वहिनींचा आणखी एक नेम होता: हे सगळं पुरं होईपर्यंत स्वतःच्या घराचा उंबरा चढायचा नाही.

तर समुद्रापर्यंतचा दक्षिण तट झाला, समुद्र झाला, उत्तर तटावरून परत येता येता दोघं बुधनीपर्यंत पोचले. बुधनीच्या पुढच्या चढावर गाडीचा काटा लाल रेघेवर गेला, बॉनेटखाली फट्ट असा आवाज झाला आणि वाफच वाफ. भोपाळ नदीच्या उत्तरेलाच आहे, म्हणजे इथे आलं तर नदी ओलांडली जात नाही. म्हणून क्रेन माझ्या दारात.

“मंदाताई, उद्या सकाळपर्यंत होईल का गाडी?” वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या.

“उद्या सकाळीच का?”

“अहो, पुण्याची एक यात्रेची बस आमच्या मागेपुढेच आहे. उद्या सकाळी ती औबेदुल्लागंजच्या चौकातून पुढे जाईल. त्यात एक सीट रिकामी आहे. गाडी झाली तर उत्तमच. नाहीतर मी बसने पुढे जाते.”

“आणि साहेब?”

“त्यांना कुठे सीट आहे? त्यांचा कुठे संकल्प आहे? ते घरी जातील. साकेत नगर काय लांब आहे इथून!” वहिनी साहेबांकडे वळल्या. “खरंच, जा की तुम्ही घरी. एसी लावा, पडा जरा. उंबऱ्याचा नेम माझा आहे, तुमचा नाही.”

“नको,” साहेब म्हणाले. “इथे बरं वाटतंय.”

माझ्या गॅरेजमध्ये पत्र्याखाली, ग्रीसच्या वासात, रईसभाईंच्या बिडीच्या धुरात बरं वाटणारा हा पहिलाच माणूस. वहिनी आत गेल्यावर ते हळूच माझ्याजवळ आले. आवाज एकदम खाली. “मंदाताई, उद्या सकाळपर्यंत गाडी झालीच पाहिजे. काहीही करा.”

मला वाटलं, बायकोच्या गुडघ्यांची काळजी असेल.

आता गाडीकडे येऊ. रेडिएटर काय करतो? आपण उकळता चहा बशीत ओततो आणि फुंकर मारतो ना, तेच. इंजिनमधून फिरणारं पाणी तापतं, ते रेडिएटरच्या बारीक चपट्या नळ्यांत पसरतं, समोरून वारा आणि मागून फॅन त्याला निववतात, आणि ते परत इंजिनात जातं. मी पाणी म्हणतेय, पण ते कूलंट. हिरवं असतं. कूलंटमध्ये मिसळायचं पाणीसुद्धा डिस्टिल्ड लागतं, म्हणजे वाफ करून परत थंड केलेलं. साध्या पाण्यात क्षार असतात. गीझरचा रॉड बघितलाय ना, कसा पांढरा होतो? तसंच आतून होतं.

साहेबांनी हे कूलंट माझ्यासमोर, निघायच्या आधी, नवं भरून घेतलं होतं. डब्यावरचं लेबल दोनदा वाचून. तेव्हा रेडिएटर एकाएकी फुटायचं कारणच नव्हतं.

“भाई, खालून ड्रेन खोला,” मी म्हटलं.

“आधी कॅप—” साहेब म्हणाले.

“कॅप मी बघते. तुम्ही बसा.”

ते बसले नाहीत.

उरलंसुरलं जे काही बाहेर आलं, ते हिरवं नव्हतं. चहाच्या रंगाचं होतं. रईसभाईंनी खाली ठेवलेल्या तसराळ्यात बोटं फिरवली, चिमटीत काहीतरी चोळलं आणि वर बघितलं.

“आपा, ये रेडिएटर नहीं है खां, ये तो पूरा घाट है।”

रेती. बारीक, चमकणारी रेती. मी कॅप उघडली. कॅपच्या आतल्या रबराला काहीतरी चिकटलं होतं. उकडून उकडून फिकट झालेलं. नखाने सोडवून तळहातावर घेतलं.

झेंडूची पाकळी.

मी साहेबांकडे बघितलं. साहेब समोरच्या कडुनिंबाकडे बघत होते. कडुनिंबावर काही नव्हतं.

रईसभाईंना मी पार्ट्सच्या बाजारात पाठवलं. हा रेडिएटर दुरुस्त होण्यातला नव्हता. पूर्वी पितळेचे असायचे, वरचा भाग खोलायचा, नळ्यांतून सळई फिरवून साफ करायच्या, परत झाळायचं. आता मधला भाग ॲल्युमिनियमचा आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. ह्याची एक टाकी शिवणीवर उकलली होती आणि नळ्या गाळाने बुजल्या होत्या. नवाच टाकायचा. रईसभाईंची मोटरसायकल वळणावरून दिसेनाशी झाली, तशी मी पाकळी साहेबांपुढे धरली.

“हे कूलंटच्या डब्यातून आलं का?”

साहेबांनी कॅप उचलून फडक्याने पुसायला घेतली.

“साहेब, मी कुणाला सांगणार नाही. पण मला कळलं पाहिजे, नाहीतर नव्याचंही हेच होईल.”

ते स्टुलावर टेकले. बॉयलरचा एवढा मोठा इंजिनिअर, शाळेतल्या पोरासारखा अंगठ्याने जमीन उकरत बसला.

“हिच्याकडे कुपी होती,” ते म्हणाले. “दर घाटावर ही थोडं पाणी सोडायची, थोडं भरायची. मी बाजूला उभा. मला काही कामच नव्हतं.”

“मग?”

“मग मी म्हटलं, गाडी पण आपल्याबरोबर फिरतेच आहे. सकाळी इंजिन थंड असतं. थोडं कूलंट काढायचं, थोडं नदीचं घालायचं. अगदी थोडं.”

“दर घाटावर?”

“मोठ्या घाटांवर.” जरा थांबून म्हणाले, “मधल्याही काही.”

“आणि वहिनींना काय सांगायचात?”

“सांगायचो, कूलंट चेक करतोय.”

मला हसू आवरेना, पण आवरलं. एक विचार मनात आला आणि हसू आपोआप गेलं.

“साहेब, समुद्रापाशी कुपीत समुद्राचंही पाणी घेतात ना?”

ते परत अंगठ्याने जमीन उकरायला लागले.

“घातलंत?”

“ही बोटीने पलीकडे गेली. मी गाडी पुलावरून फिरवून नेली. एकटाच होतो.” मग अगदी हळू, “थोडंसं.”

ॲल्युमिनियममध्ये खारं पाणी! मी कपाळाला हात लावला, हाताला ग्रीस होतं, ते कपाळाला लागलं.

“तुमच्या कारखान्यात कुणी बॉयलरमध्ये नदीचं पाणी घातलं असतं तर?”

“सस्पेंड केलं असतं,” साहेब ताबडतोब म्हणाले. “मीच केलं असतं. बॉयलरला थेंबथेंब शुद्ध करून पाणी देतात मंदाताई. त्या पाण्याचीच माझ्याकडे जबाबदारी होती.”

म्हणजे बघा. माहीत नव्हतं असं नाही. माझ्यापेक्षा शंभरपट माहीत होतं.

“सांगा की मग वहिनींना. खूश होतील.”

“नाही, नाही!” ते उभेच राहिले. “जन्मभर मी हिच्या उपासांची टिंगल केली. आता कुठल्या तोंडाने सांगू? ती मला पुढची वीस वर्षं ऐकवेल.” परत बसले. “आणि उद्या ती बसने गेली, तर माझं काय? मी घरी. अर्ध्यातून. मी संकल्प घेतलेला नाही, हे बरोबर आहे. पण मी निघालो तर होतो.”

तेव्हा मला कळलं, की उद्या सकाळची घाई वहिनींच्या गुडघ्यांसाठी नव्हती. ह्या माणसाला बायकोबरोबर परिक्रमा पुरी करायची होती, आणि ती करतोय हे कबूल न करता करायची होती. त्याला गाडी हाच एक आडोसा होता. गाडी गेली की आडोसा गेला.

रईसभाई परत आले ते चुकीचा रेडिएटर घेऊन. ऑटोमॅटिक गाडीचा. त्याला गिअरचं तेल थंड करायला दोन तोट्या जास्त असतात. दुकानदाराने ह्यांच्या गळ्यात मारला.

“भाई, दो टोंटी ज़्यादा है।”

“तो क्या हुआ आपा, एक में से चाय निकाल लेंगे।”

आमचं त्या दिवसाचं भांडण इथे पार पडलं. ते पुन्हा गेले. मी तोवर इंजिनात पाण्याचा पाइप लावून आतला गाळ धुवायला घेतला. कितीतरी वेळ चहाच येत होता. साहेब प्रत्येक वेळी वाकून बघायचे आणि म्हणायचे, “अजून आहे.” जसा काही दुसऱ्याच कुणी घातला होता.

बरोबर रेडिएटर आला तोपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. त्याच्याबरोबर नवे होज, म्हणजे रबरी पाइप, नवी कॅप, नवा थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार; इंजिन तापलं की उघडतं. जुन्याच्या दारात इतकी रेती होती की ते ना उघडं ना बंद, सरकारी खिडकीसारखं.

रेडिएटर बसवताना एक गोष्ट सगळे विसरतात. त्याच्या खाली दोन खुंट्या असतात, त्या रबराच्या बुशात, म्हणजे कड्यात, नीट बसल्या पाहिजेत. नाहीतर गाडी हादरली की रेडिएटर हादरतो आणि महिन्याभरात पुन्हा माझ्याकडे. मी खाली आडवी होऊन त्या बसवत होते, तेवढ्यात वरून आवाज आला.

“मंदाताई, कूलंटमध्ये जे पाणी मिसळाल ना…”

“डिस्टिल्ड.”

“हो, डिस्टिल्डच. पण डिकीत माझ्याकडे नर्मदेचा एक कॅन आहे. त्यातलं एक पेलाभर जर—”

“साहेब!”

“गाळून.”

“साहेब, मी ह्याच्याखालून बाहेर आले तर बरं होणार नाही.”

“मग गाडीची परिक्रमा इथेच मोडली,” ते म्हणाले. असं पडलेल्या आवाजात, की मी खरंच बाहेर आले.

रईसभाई फॅन जोडत होते. त्यांना नुसता कॅनचा भाग ऐकू आला असावा. “साहब, नर्मदा तो सुना है आपके साकेत नगर में नल से आ रही है। आप तो बरसों से उसी में नहा रिये हो खां, इत्ती दूर काए को गए?”

साहेबांनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, की भाईंनी निमूट पाना उचलला.

तेवढ्यात वहिनी पन्ह्याचे पेले घेऊन आल्या. एक मला दिला, एक भाईंना, एक साहेबांपुढे धरला आणि म्हणाल्या, “किती राहिलंय हो गाडीतलं नर्मदेचं पाणी?”

साहेबांनी पेला घेतला आणि पुन्हा कडुनिंबाकडे बघितलं.

“कसलं पाणी?”

“तुमचं. कूलंट चेक करायचात ते.”

“तुला कोणी सांगितलं? मंदाताई, तुम्ही—”

“मी एक अक्षर बोलले नाही,” मी म्हटलं. खरंच बोलले नव्हते.

“त्या कशाला सांगतील?” वहिनी म्हणाल्या. “अहो, बॉनेट उघडायच्या आधी कुणी चपला काढतं का?”

मी साहेबांच्या पायांकडे बघितलं. सकाळपासून अनवाणीच. पावलं लालभडक झालेली. आणि मी बाई गाडीच्या पोटात रेती शोधत बसले होते. उत्तर माझ्यासमोर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतं.

“पहिल्या घाटावर काढल्यात, मला वाटलं खडा टोचला असेल,” वहिनी सांगत होत्या. “दुसऱ्या घाटावर पण काढल्यात. तिसऱ्यावर मी मुद्दाम झाडामागून बघितलं. चपला काढल्या, बॉनेट उघडलं, इकडेतिकडे बघितलं, आणि तांब्या. मी काही बोलले नाही. म्हटलं, बोलले तर बंद करतील.”

“मग बसने जाते म्हणालीस ते?”

“तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं. मला वाटलं आता तरी म्हणाल, की मलाही यायचंय. तुम्ही काय म्हणालात? इथे बरं वाटतंय!”

रईसभाईंना मराठी पुरती येत नाही, पण एवढी येते. ते गाडीच्या पलीकडे गेले आणि तिथून खोकल्यासारखा आवाज आला.

साहेबांनी पेला खाली ठेवला. कान पायांइतके लाल. “बरं, यायचंय मला. पण हे पाणी गाडीत चालत नाही, ते खरंय. बस लागेल तर बस घे तू. मी चूक केली, गाडीची वाट लावली.”

“वाट लावली तर दुरुस्त करा. जन्मभर काय केलंत? पाण्याची वाफच केलीत ना? मग करा की आता.”

साहेब वहिनींकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या नोकरीतल्या दिवसांत कधी बघितलं नव्हतं, पण कारखान्यात ते असेच दिसत असणार.

“मंदाताई, प्रेशर कुकर आहे का? मोठा?”

त्यानंतर गॅरेज माझं राहिलं नाही. कुकर आला. शिट्टी काढून त्या जागी नवी रबरी नळी बसली. शेजारच्या एसीवाल्याकडून तांब्याच्या नळीचं एक वेटोळं आणलं, साहेबांनी ते आतून तीनतीनदा धुतलं, वास घेऊन बघितला. वेटोळं बादलीत, बादलीत बर्फ. डिकीतला कॅन काढून नर्मदेचं पाणी गाळून कुकरमध्ये. खाली शेगडी. वाफ नळीतून वेटोळ्यात, वेटोळ्यातून टपटप काचेच्या बरणीत.

“पहिलं कपभर फेकून द्या,” साहेबांनी हुकूम सोडला. “नळी धुतली जाते त्यात. आच कमी! आच कमी ठेवा, नाहीतर खालचं पाणी उसळून नळीत जाईल. कोण बघतंय आच?”

आच आमचे हे बघत होते. दुपारच्या झोपेतून उठून आलेले, काय चाललंय ते न विचारता स्टूल घेऊन बसले. बँकेत राहून माणूस एवढं शिकतो.

बरणीत पाणी जमायला लागलं. स्वच्छ, आरपार दिसणारं. वहिनी बराच वेळ बघत होत्या.

“वाफ झाल्यावर ती नर्मदाच ना हो?” त्यांनी साहेबांना विचारलं.

“मग कोण? माणूस अंघोळ करून आला म्हणून दुसरा होतो का?” साहेब म्हणाले.

वहिनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसल्या. नास्तिकाच्या तोंडून शास्त्रार्थ ऐकायला नशीब लागतं.

मी कूलंट कॉन्सन्ट्रेट आणवलं, म्हणजे पाणी न मिसळलेलं. अर्धं ते, अर्धं बरणीतलं. हे सगळं नियमात बसणारं होतं. डिस्टिल्ड ते डिस्टिल्ड, कुठल्या नदीचं ते गाडी विचारत नाही. रेडिएटर भरला, इंजिन सुरू केलं, केबिनचा हीटर लावला. उन्हाळ्यात हीटर का, तर हवा अडकलेली असते ती निघावी म्हणून. वरचा होज हाताने दाबत राहायचं, बुडबुडे येतात, पाणी खाली बसतं, परत भरायचं. मग वाट बघायची. काटा मध्यावर येऊन थांबला. फॅन आपणहून सुरू झाला, आपणहून बंद झाला. जोडांवरून बोट फिरवलं, कोरडं.

संध्याकाळी मी आणि साहेब गाडी श्यामला हिल्सच्या चढावर नेऊन आलो. एसी लावून, मुद्दाम हळू, मुद्दाम खालच्या गिअरमध्ये. काटा हलला नाही. साहेब चढभर काट्याकडेच बघत होते. गाडी मी चालवत होते म्हणून वाचलो.

रात्री दोघं आमच्याकडे वरच्या खोलीत राहिली. स्वतःचं घर साकेत नगरात आणि मुक्काम नेहरू नगरात. सकाळी निघताना मी रेडिएटरच्या कॅपला तार गुंडाळून पक्की पिळली आणि साहेबांना दाखवली.

“ओंकारेश्वर येईपर्यंत ही तुटलेली दिसली, तर माझ्याकडे यायचं नाही.”

“आणि पुढचे घाट?” त्यांनी विचारलं. “अमरकंटक राहिलंय. बरमान राहिलंय.”

ह्याचा विचार मी पहाटे करून ठेवला होता. बॉनेटखाली एका कडेला वायपरची पाण्याची टाकी असते, काच धुवायची. ती मी साबण घालून, मग खळबळून धुऊन, रिकामी केली होती. “ही घ्या तुमची कुपी. इथे काय वाटेल ते घाला. थोडं काढायचं असेल तर वायपरचा दांडा ओढा. काचेला अभिषेक होईल. फक्त गाळून घाला.”

साहेबांनी टाकीकडे बघितलं आणि मान डोलवली. टेंडर मंजूर केल्यासारखी.

बस औबेदुल्लागंजहून पुढे गेली. एक सीट रिकामी घेऊन. तिच्या मागे ही पांढरी गाडी होती, असं वहिनींनी फोनवर सांगितलं.

चातुर्मास लागायच्या आत दोघं परत आली. घरी जाऊन, उंबरा चढून, मग माझ्याकडे. पेढे घेऊन. वहिनींनी सांगितलं, की ओंकारेश्वरला शेवटच्या पूजेत गुरुजींनी साहेबांचं गोत्र विचारलं. साहेब म्हणाले, “मी ड्रायव्हर आहे.” गुरुजी म्हणाले, “ड्रायव्हर का गोत्र नहीं होता क्या?” मग साहेबांनी सांगितलं. नावासकट, गावासकट, कारखान्यातल्या हुद्द्यासकट.

“रेडिएटर कसा आहे?” मी विचारलं.

“उत्तम. तार जशीच्या तशी आहे, बघा. पण वायपरचं पाणी उडत नाही.”

मी नोझल काढलं, सुई घातली. रेती.

“साहेब, गाळून घाला म्हटलं होतं.”

“गाळलं होतं. हिच्या पदरातून.”

“कुठल्या साडीच्या?”

“नेटच्या,” वहिनी म्हणाल्या. “मला काय माहीत, तांब्या घेऊन मागून आले आणि पदर ओढला.”

नोझल साफ करायला पाच मिनिटं लागली. साहेब बॉनेटपाशी उभे राहून माझ्या कामावर देखरेख करत होते. ऊन तसंच होतं, फरशी तशीच तापलेली. वहिनींनी मला कोपराने ढोसलं आणि खाली बघायला सांगितलं. चपला गाडीच्या दाराशी, नीट जोडीने ठेवलेल्या.

इतकी वर्षं मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे, की आवाज कुठून येतो. अजून विचारते. पण त्याआधी एकदा पायांकडे बघून घेते.